आमच्या गावात दार वाजवत नाहीत

२ मार्च २००६

प्रिय राकुल,

टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टक, टक.

पहिल्यांदा ऐकला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली असतील, पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. पहिला ठोका धीट, पुढचे दोन ओशाळलेले. बाहेर वारा कितीही घोंगावू दे, समुद्र खडकांवर कितीही आपटू दे, त्या सगळ्या गदारोळातून तो वेगळा ओळखू यायचा. सुनेवाकाकू विणता विणता सुया मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "तुझा भाऊ आला." कसा आला आहे ते सांगायची गरज नसायची. आपल्या गावात दार कोण वाजवतं? पाद्री नवा असला तर पहिला महिनाभर, आणि तुझा बाप होग्नी प्यायलेला असला तर. एरवी माणसं पडवीत बूट काढतात, "आहे का कुणी?" म्हणून ओरडतात आणि उत्तराची वाट न बघता चुलीपाशी येऊन बसतात. शुद्धीत असला की तोही तसाच यायचा. पोटात दारू गेली की मात्र त्याला जगातलं प्रत्येक दार परकं वाटायचं. स्वतःच्या घराचंसुद्धा.

पाहिलंस, लिहायचं होतं एक आणि मी कुठल्या कुठे गेलो. फोन करता आला असता. पण तू "हॅलो" म्हणतेस ना, त्यात थेट तुझ्या आईचा आवाज ऐकू येतो आणि मी काय बोलणार होतो तेच विसरतो. कागद बरा. कागद मध्येच फोन ठेवत नाही.

होग्नी जानेवारीच्या शेवटी गेला, हे तुला कळवलं होतंच. तू मातीला आली नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. लोकांना सांगितलं, धुकं आहे, विमानं बंद आहेत. नेमकी त्या आठवड्यात हवा अशी लख्ख होती की शेजारचं बेट हात लांबवून शिवावं. लोकांनी माझ्याकडे पाहून नुसत्या माना हलवल्या. शाळामास्तर खोटं बोलला तर गाव एवढं तरी करतंच.

मला एकच गोष्ट लिहायची आहे. गेल्या जूनमध्ये तू अकरा वर्षांनी आलीस, त्याने बोलावलं म्हणून आलीस, आणि माझ्याकडे उतरलीस. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच तपासणीसाठी राजधानीला, हाउनच्या इस्पितळात गेला होता. दुपारच्या बसने परत येऊन तुला भेटणार होता. मी डोंगरावर मेंढ्या बघायला गेलो होतो, तू घरात एकटी होतीस. त्याने दार वाजवलं. तू उघडलंस. तो चौकटीला धरून डोलत होता, जीभ जड झाली होती, शब्द एकात एक गुंतत होते. तू आत जाऊन बॅग उचललीस आणि ज्या बसमधून तो उतरला होता, ती वळून परत निघायच्या आत तिच्यात जाऊन बसलीस. मी खाली आलो तेव्हा तो पायरीवर बसला होता.

तो प्यायलेला नव्हता, राकुल. तीन वर्षं त्याने दारूला हात लावला नव्हता. त्याचं यकृत निकामी होत आलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले की तसं झालं म्हणजे विष डोक्यात चढतं आणि माणूस अगदी प्यायल्यासारखा बोलतो, चालतो. दार का वाजवलं, तेही मी त्याला तिथेच विचारलं. म्हणाला, "ती आत होती ना. एकदम कसा शिरणार? तिने 'ये' म्हणायला हवं होतं."

एवढंच. त्या दिवशीचा बाप तुझ्या मनात राहू नये. बाकी तू येशील न येशील, तुझी मर्जी.

तुझा,
हानुसकाका


२९ मार्च

प्रिय राकुल,

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या ऑर्हुसच्या बंदराचं चित्र सुंदर आहे. मागचा मजकूर तेवढा सुंदर नाही, पण अक्षर अजून वळणदार आहे. ते वळण मी लावलं, हे मला म्हणू दे.

तू लिहितेस: "काका, तुमचं पत्र म्हणजे शाळेतली कविता. वारा, समुद्र, चूल. मी दार उघडलं तेव्हा समोर कविता उभी नव्हती. ठोके तेच होते, डोळे तेच, जीभ तशीच, आणि तोंडाला ज्येष्ठमधाचा वासही तोच. दारूचा वास झाकायला तो त्याच काळ्या गोळ्या खायचा, मी काय विसरले? आणि यकृताचं म्हणाल तर त्याच्याकडे नेहमीच डॉक्टरचं काहीतरी कारण असायचं. तुम्ही त्याचे भाऊ आहात, तुम्ही असंच लिहिणार. मला त्रास देऊ नका."

बरं. कविता नाही घालत. साधं लिहितो.

त्याचं पिणं मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे, हे विसरू नकोस. तू लहान होतीस तेव्हा आपल्या बेटांवर दारू विकतच मिळत नव्हती. डेन्मार्कहून पेटी मागवावी लागायची, आणि कर थकलेला असला तर पेटी नाही. त्यामुळे अख्ख्या गावात सगळ्यांत वेळेवर कर भरणारा माणूस तुझा बाप. वसुलीचा कारकून आपली टोपी काढून त्याची विचारपूस करायचा. तुझी आई म्हणायची, "सरकारला मिळतो तो नवरा मला अर्धा मिळाला असता तरी चाललं असतं."

आणि ती दाराशी काय करायची, तेही आठवत असेल. होग्नीने ठोका दिला की मार्युन कडी काढायची, पण दार वीतभरच उघडायची. "तोंडातली गोळी थुंक." तो थुंकायचा. "आता फुंकर मार." तो मारायचा. मग एक तर दार उघडायचं, नाही तर कडी परत लागायची आणि तो माझ्याकडे यायचा. गावातले लोक हसायचे. मार्युन कधी हसली नाही. तू जिन्यावर पायजमा घालून उभी असायचीस.

सोडली कशी ते विचारशील तर मोठं काही घडलं नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी पडवीत बूट काढल्याचा आवाज आला. न वाजवता. मी म्हटलं, शेजारचा याकुप असेल. तर होग्नी. चुलीपाशी बसला, हात दोन्ही गुडघ्यांत धरून. म्हणाला, "कॉफी दे. आता कॉफीच."

"किती दिवस?" मी विचारलं. मी जरा कुत्सितपणेच विचारलं.

"आज तरी," तो म्हणाला.

मग दर गुरुवारी तो बसने हाउनला जायचा. तिथे एका तळघरात त्याच्यासारखी माणसं जमतात, कॉफी पितात आणि आपापलं सांगतात. पहिल्यांदा परत आला तेव्हा मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "नाव सांगितलं. तेवढ्यातच घाम फुटला." हिवाळ्यात खिंडीतला रस्ता बंद झाला तर बोगद्याच्या तोंडापर्यंत चालत जाऊन कुणाच्या तरी गाडीत बसायचा. ज्येष्ठमधाच्या गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. मी एकदा चिडवलं, "आता झाकायला काय आहे रे?" तर म्हणाला, "तोंडाला काहीतरी काम हवं ना."

तू म्हणशील, हेही भावाचंच बोलणं. असू दे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

हानुसकाका


१४ मे

प्रिय राकुल,

उत्तर आलं नाही. तरी लिहितो. म्हाताऱ्याला संध्याकाळी करायचं काय असतं? आता उजेड लांबला आहे, रात्र म्हणून होत नाही. मे महिन्यातल्या या संध्याकाळी मला नेहमी शाळेची आठवण येते. खिडक्या उघड्या, बाहेर समुद्रपाकोळ्यांचा कलकलाट आणि आत अकरा पोरं एका सुरात कविता म्हणताहेत. तुझा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर.

कविता घालणार नव्हतो. पण ही घालावी लागते, कारण ती तुझ्या बापाची आहे. जुन्या वाचनपुस्तकातली. आधी आम्ही दोघे भाऊ त्याच शाळेत ती शिकलो, पुढे ती मी तुम्हाला शिकवली. आठ ओळींची.

सांज झाली, होड्या आल्या, एक राहिली मागे;
तिच्यासाठी खिडकीमध्ये दिवा अजून जागे.

होग्नीला जन्मात पाठ झालेली ती एकच कविता. इस्पितळात त्याला ठेवलं तेव्हा डोकं किती साफ आहे हे बघायला परिचारिका रोज सकाळी विचारायची: आज वार कोणता, पंतप्रधान कोण? तो वैतागायचा. "पंतप्रधान मला शुद्धीत असतानाही माहीत नव्हता," म्हणायचा. तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, त्याला ही कविता म्हणायला सांगा. मग तोच रिवाज पडला. मी दुपारी गेलो की ती दाराशीच सांगायची, "आज सहा." म्हणजे सहा ओळी आल्या. औषध लागू पडलं की आठ. नाताळाच्या सुमारास चार. जानेवारीत एक दिवस ती नुसती खांद्यावर हात ठेवून गेली. मी आत जाऊन पहिली ओळ म्हटली. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. "एक राहिली मागे" वर मी थांबलो. दुसरी ओळ त्याने म्हणायची असा आमचा ठराव होता. मी बराच वेळ थांबलो.

तो तुझं नाव घेऊन गेला असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. तसं झालं नाही. शेवटचे दोन दिवस तो काहीच बोलला नाही.

दुसरी गोष्ट मांसाची. ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या तेव्हा तो उभाही धड राहू शकत नव्हता, पण वाळवणीच्या खोपीत आपल्या हाताने टांगायचं म्हणून हटून बसला. फळ्यांमधल्या फटी स्वतः बघितल्या, वारा कुठून येतो ते बघितलं, दोऱ्या स्वतः बांधल्या. तुला आठवतं, पिण्याच्या दिवसांत त्याने टांगलेलं मांस? दार उघडं टाकून जायचा, माश्या शिरायच्या, आणि वसंतात तुझी आई सगळं समुद्रात नेऊन टाकायची. या वेळी एक अळी नाही. मागची एक तंगडी त्याने वेगळी टांगली आहे, तिला निळी लोकर गुंडाळली आहे. म्हणाला, "पहिला काप राकुलचा." मी हात लावलेला नाही. याकुप दोनदा सुरी घेऊन येऊन गेला. "मास्तर, मेलेल्या माणसाचा मान ठेवावा, पण मांसाचाही ठेवावा," म्हणाला. मी त्याला हाकललं.

ती तंगडी खोपीत आहे. वाऱ्याने हलते.

हानुसकाका


८ जून

प्रिय राकुल,

तुझं दुसरं कार्ड. या वेळी चित्रही नाही, साधं पांढरं. आणि एकच प्रश्न: "पायरीवर बसलेल्या त्याच्या तोंडाचा वास तुम्ही घेतलात का? हो की नाही. कविता नको."

कार्ड शुक्रवारी आलं. आज गुरुवार. मधल्या दिवसांत मी चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. सुंदर पत्रं होती.

हो. घेतला.

मी डोंगरावरून खाली आलो, तो पायरीवर बसला होता, बस वळणावर दिसेनाशी होत होती. मी त्याच्याजवळ बसलो तो प्रेमाने बसलो असं तुला वाटलं असेल. मी बसलो तो वास घ्यायला. जुनी सवय. ज्येष्ठमधाचा दाट वास आला. त्याच्या खाली काही होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मार्युनसारखं "थुंक" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तो रडत होता.

सकाळी इस्पितळात त्याचं रक्त तपासलं, ते स्वच्छ होतं. डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. पण तपासणी दहाला आटोपली. तो यायला हवा होता त्या बसने आला नाही, पुढच्या बसने आला. मधले दोन-तीन तास तो हाउनमध्ये कुठे होता, मला माहीत नाही. सरकारी दारूचं दुकान बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी त्याला विचारलं होतं, "कुठे होतास रे?" तर म्हणाला, "होतो एकीकडे." पुढेही कधी बोलला नाही. तळघरातल्या त्याच्या मित्रांना विचारून आलो. त्यांच्याकडे गेला नव्हता.

म्हणजे मी तुला पहिल्या पत्रात जे छातीठोक लिहिलं, ते मला वाटतं म्हणून लिहिलं. मला माहीत आहे म्हणून नाही. तीन वर्षं तो सुटलेला होता, हे मी कुणासमोरही सांगेन. त्याच्या आजाराने माणूस तसा दिसतो, हेही खरं. पण ज्या दिवसाबद्दल तू विचारतेस त्या दिवसाची शपथ मला घेता येत नाही. मुलीला भेटायचं म्हणून धीर येईना आणि एक ग्लास घेतला, असं झालं नसेल असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित घेतला असता.

वर्षभर हे एकट्याने वागवलं. तुझ्या प्रश्नामुळे ते आज कागदावर आलं. आता तू म्हणशील की झालं, उत्तर मिळालं. मिळालं असेल. त्याच्या थडग्यावर अजून दगड बसवलेला नाही. माती बसू द्यावी लागते. मी रोज तिकडून जातो आणि आता त्याच्याकडे बघवत नाही.

यापुढे लिहून तुला त्रास देणार नाही.

हानुस


३ जुलै

राकुल,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण सुनेवाच्या चष्म्याच्या डबीत तुझा एक दात सापडला, तू सहा वर्षांची असताना माझ्या वर्गात पडलेला, म्हणून तो पाठवावा असं मनात आलं. दात पाठवायचा तर चार ओळी लिहायला हव्यात.

ओलावसओकाचा सण जवळ आला आहे. पोरं शर्यतीच्या होड्या घेऊन रोज खाडीत वल्ही मारताहेत, आणि सुकाणूवर बसलेला याकुपचा जावई त्यांना अशा शिव्या देतो की चर्चची घंटा लाजावी. होग्नी त्या वल्ह्यांच्या तालावर पायरीवर बसून बोटं आपटायचा. तरुणपणी तो उजव्या वल्ह्यावर असायचा, तुझी आई धक्क्यावर उभी राहून ओरडायची. तेव्हा ती हसायची. तू ते पाहिलेलं नाहीस, तू जन्मली नव्हतीस, म्हणून सांगतो. ती हसली की तिचे

दार वाजलं.

टक. आणि मग काहीच नाही.

पाद्री नाही. पाद्री आता सहा वर्षं जुना झाला, तो थेट आत येऊन बिस्किटांचा डबा शोधतो. राकुल, वेडेपणा आहे सगळा. बघून येतो.

~

पुन्हा बसलो आहे.

दारात तुझी आई उभी होती. मार्युन. घटस्फोट होऊन हाउनला राहायला गेल्यापासून या गावात तिने पाऊल टाकलेलं नाही, होग्नीच्या मातीलाही नाही. करड्या कोटात, हातमोजे घालून, पावसाने केस चिकटलेले. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसायचो, तरी मला तिला ओळखायला एक क्षण लागला.

मी म्हटलं, "मार्युन, दार कसलं वाजवतेस? तू काय पाद्री आहेस?"

"आत यायचं तोंड नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून वाजवलं."

मी बाजूला झालो. ती आत आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली, पाऊस पाठीवर घेत. आणि तिथेच बोलायला लागली. मी ते तिच्याच शब्दांत उतरवतो, कारण ती आता चुलीपाशी बसून माझ्या हाताकडे बघते आहे आणि दर ओळीला बजावते आहे, "फुलं-बिलं घालू नकोस हं, हानुस. मी बोलले तेवढंच."

"राकुलचा फोन आला परवा," ती म्हणाली. "तुझं पत्र वाचून दाखवलं तिने. माहीत नाही म्हणून लिहिलंस ते. म्हणाली, आई, काका पहिल्यांदा खरं बोलले. आणि रडायला लागली. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखं हसेल. ती रडली."

मी म्हटलं, "आत ये, भिजतेस."

"थांब. गेल्या वर्षी तपासणी झाल्यावर तो माझ्याकडे आला होता. मधले तास विचारतोस ना? माझ्या जिन्यात होता. दार वाजवलं त्याने. ओळखलं मी. वीतभर उघडलं, आतली साखळी न काढता. म्हणाला, 'मार्युन, राकुल आली आहे. मी तिला भेटायला जाऊ का? तू नको म्हणालीस तर जात नाही.' पिवळाधमक झाला होता. डोलत होता. मी म्हटलं, गोळी थुंक."

राकुल, ती हे सांगताना हातमोज्याची बोटं एक एक करून ओढत होती.

"थुंकला. रुमालात, नीट. मी आतून पाणी आणून दिलं, चूळ भर म्हटलं. भरली. मग म्हटलं, फुंकर मार. मारली. एकदा नाही, तीनदा मारायला लावली. वीस वर्षं मी ते नाक वापरलंय, हानुस. काही नव्हतं. सकाळची कॉफी होती आणि आजारी माणसाचा एक वास असतो तो होता. बाकी काही नव्हतं. मग माझ्याच जिन्यात बसून राहिला, पायांत बळ येईपर्यंत. मी आत बसले. दाराच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. निघाला तेव्हा मी खिडकीतून बघितलं. थेट थांब्यावर गेला, बस लागलेलीच होती. चढला."

"आणि राकुलला तू..."

"संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आई, तो पिऊन आला. मी म्हटलं, हं."

"नुसतं हं?"

"नुसतं हं." पागोळ्या तिच्या खांद्यावर पडत होत्या. "माझ्यासाठी वीस वर्षांत सुटली नाही. मी कडी लावून थकले, पोर जिन्यावर उभी राहून थकली. आणि आता म्हणे सुटली. कुणासाठी? मला राग आला होता. प्यायलेला निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मेला तरी मला वाटत होतं, राहू दे, तिला तसंच वाटू दे. पण त्या पत्रात तूही म्हणालास की माहीत नाही. म्हणजे मग जगात मला एकटीलाच माहीत राहिलं. ते काही मला झेपेना."

मी विचारलं, फोनवर का नाही सांगितलंस तिला? म्हणाली, सांगायला तोंड उघडलं होतं, आणि तोंडातून पुन्हा "हं"च बाहेर पडलं. मग घरी कागद घेऊन बसली. दोन दिवस बसली. शेवटी आज सकाळी बस पकडली. "इथे लिहीन," म्हणाली. "त्याने वाजवलं त्या दारात. इथे मला खोटं लिहिता येणार नाही."

खाडीतली होडी परत आलेली दिसते, वल्ह्यांचा आवाज थांबला आहे. तिने कोट काढलेला नाही, पण हातमोजे काढले. मला विचारते, "दाताचं पण लिहिलंयस? कसला दात?" आणि हात पुढे करून बसली आहे.

मी उठतो, राकुल. खुर्ची आणि पेन तिला देतो. याच्या पुढचं अक्षर तुझ्या आईचं.